दोन इसमांचे साधे बोलणे

गिरधरनानांना जीनच्या मालकांनी निरोपाच्या समारंभात घड्याळ दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. घड्याळ बिचारं भिंतीवर बसतं आणि माणसाला मुकाट्यानं म्हातारं होऊ देतं. पण मालक पडले व्यापारी. जीनमध्ये त्या साली नवा पंप आला होता आणि जुन्या पंपाचं रॉकेलवर चालणारं इंजिन कोपऱ्यात जागा अडवून बसलं होतं. मालक भाषणात म्हणाले की नानांनी उभी हयात या जीनमध्ये काढली, तेव्हा जीनचाच एक अवयव आम्ही त्यांना अर्पण करतो. टाळ्या झाल्या. इंजिनाला झेंडूचा हार घातला. नाना गहिवरले, आणि ते इंजिन हारासकट बैलगाडीत चढून धरणगावाहून तापीकाठच्या कोळघाटाला नानांच्या घरी आलं. घराच्या दारातून ते आत जाईना, म्हणून ओट्याशीच राहिलं.

वच्छलाबाईंनी ते पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, की घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हे त्या नवऱ्याशी खासगीत बोलल्या. मारुतीच्या पारावर बसलेल्या लोकांनी माना हलवल्या.

इथं एक खुलासा केलाच पाहिजे. जीन म्हणजे काय हे ज्यानं कापसाच्या दिवसांत आत जाऊन पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पाहिलेलं नाही त्याला सांगून ऐकू येणार नाही. सरकी वेगळी, रुई वेगळी करणारी ती यंत्रं रांगेनं धडधडत असतात, आणि कामगारांवर नजर राहावी म्हणून मालकांनी मॅनेजरचं टेबल त्यांच्या पुढ्यातच मांडलेलं. नाना त्या टेबलाशी कोट-टोपी घालून तरणे होते तेव्हा बसले आणि उठले ते केस पिकल्यावर. एवढ्या काळात त्यांचे कान कधी गेले हे त्यांना कळलं नाही. ते बहिरे आहेत असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. नानांचं मत असं, की हल्ली लोक शब्द खातात. पूर्वीची माणसं कशी स्वच्छ बोलायची, आता पोटात बोलतात.

शब्द खाणाऱ्यांसाठी नानांनी एक युक्ती काढली होती. समोरच्याचे ओठ थांबले की किंचित मान हलवायची आणि गंभीरपणे म्हणायचं, "बरोबर आहे." या दोन शब्दांवर नानांनी तीन मालक पचवले आणि एक संसार केला. तुम्ही करून पाहा. जगात शंभरातल्या नव्वद माणसांना दुसरं काही नकोच असतं.

संसाराचं मात्र थोडं वेगळं झालं. वच्छलाबाई लग्नात म्हणे लाजून बोलायच्या. पण जीनवाल्याच्या घरी लाजून भागत नाही. मीठ संपलंय हे जर नवऱ्याला तीनदा सांगावं लागत असेल तर बाई चौथ्यांदा ते गावाला सांगते. हळूहळू तोच त्यांचा साधा आवाज झाला. एकुलती एक मुलगी कमल याच घरात वाढली, त्यामुळे तिचाही घसा तयार होता. तिनं दारातून गाईला हाक मारली की दुसऱ्यांच्या गाईसुद्धा निघायच्या.

कमलला दिली होती नदीपलीकडच्या वाळकीला. तिचे सासरे नानांच्याच जीनमध्ये फिटर होते. ते वारले, पण त्यांच्या पत्नी झुंबरबाई खणखणीत होत्या. फिटरची बायको ती. तिचा आवाज वच्छलाबाईंपेक्षा एक बोटभर वरच. दोघी विहिणी संध्याकाळी आपापल्या घाटावर भांडी घासायला बसायच्या आणि मधला डोह जसा काही माजघराचा उंबरा आहे अशा गप्पा मारायच्या. दोन्ही गावांना दोन्ही घरांची भाजी ठाऊक असायची.

पण सून ती सून. कमलनं सासरी पाऊल टाकलं, पदर कपाळावर ओढला आणि आवाज खाली आणला. नाना महिन्या-दोन महिन्यांनी धनसिंग कोळ्याच्या नावेतून लेकीला भेटायला जायचे. ती पाण्याचा तांब्या पुढं करायची, खाली बघून हळूच काहीतरी म्हणायची. नाना मान हलवायचे, "बरोबर आहे" म्हणायचे, आणि चहा घेऊन टोपी घालून परत. इकडं घाटावर पाय ठेवायच्या आत वच्छलाबाई विचारायच्या, काय म्हणाली हो कमल? नाना म्हणायचे, बरं आहे म्हणाली. मग त्या रात्री नानांना जेवण गोड लागत नसे. का ते त्यांना सांगता आलं नसतं. घरात गाईला हाक मारायचं कोणी उरलं नव्हतं एवढंच त्यांना कळत होतं.

अशात कमलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सांगायला शास्त्र लागत नाही. सातव्यात डोहाळजेवण करायचं आणि सातव्यातच मुलीला आणायचं, कारण आठव्या महिन्यात गरोदर बाईनं प्रवास करायचा नाही, नदी तर ओलांडायचीच नाही. नानांनी ओट्याशी पडलेल्या इंजिनाकडं पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, की माझी लेक बांबूनं ढकललेल्या नावेत धक्के खात का यावी? ती इंजिनाच्या नावेतून येईल. झरझर. संस्थानच्या राणीसारखी.

धरणगावाहून अय्युब मिस्त्रीला बोलावलं. अय्युब मिस्त्री पिठाच्या गिरणीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं दुरुस्त करायचा आणि "नाही" हा शब्द त्याच्या पेटीत नव्हता. काहीही विचारा, तो म्हणायचा, "हो जाएगा, नाना." त्यानं धनसिंगच्या नावेला बुडाशी भोक पाडून पंखा बसवला. इंजिनाला जागा व्हावी म्हणून मधल्या फळ्या काढल्या. वल्ही मारणारे जिथं बसत ती जागाही गेली. धनसिंगनं विचारलं, की इंजिन बंद पडलं तर वल्हवायचं कुठून? मिस्त्री म्हणाला, बंद कशाला पडेल? आणि नावेच्या पोटात ते धूड बसल्यावर तिला वल्हवून नेणं हत्तीच्या बापालाही जमलं नसतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण घाटावर नाव ती एकच.

पहिल्या फेरीला सगळं गाव जमलं. मिस्त्रीनं चाक फिरवलं. इंजिन एकदा खोकलं आणि मग त्यानं जो काही आवाज काढला त्यानं पिंपळावरचे बगळे उठले ते दुसऱ्या दिवशी परतले. बैलांनी दावी तोडली. शाळामास्तरांनी शाळा सोडून दिली. नावेत मध्यभागी बसलेले नाना मात्र प्रसन्न होते. परत आल्यावर म्हणाले, की बघा, कसं कुजबुजल्यासारखं चालतं.

आता नशीब म्हणा की आणखी काही म्हणा, त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांचा हिवाळी मुक्काम नदीकाठी आमराईत पडला होता. साहेबांना गळ टाकून मासे धरायचा नाद. त्यांच्या गळाशी सकाळपासून एक मोठा मासा खेळत होता म्हणतात. तेवढ्यात नाना समोरून गेले. मासा गेला, साहेबांचा घोडा गेला, आणि घोड्यामागं गेलेला मोतद्दार दुपारी सापडला. नानांनी रीतीप्रमाणं साहेबांना नावेतून टोपी काढून रामराम केला. साहेब हात हलवून काहीतरी बोलत होते. नाना मान हलवून म्हणाले, बरोबर आहे.

तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. मामलेदार मिरीकर हे देशावरचे गृहस्थ, अतिशय सभ्य आणि न्यायी, आणि इतकं मऊ बोलणारे की त्यांच्या कारकुनाला पुढं झुकून पाठीत बाक आला होता. ते टेबलापलीकडून नानांशी बराच वेळ बोलले. नानांना त्यांच्या मिशा हलताना दिसल्या. नावेचा आवाज रयतेस उपद्रव देतो हे आपणास मान्य आहे? बरोबर आहे. आवाज बेताचा होईपर्यंत नाव बंद ठेवण्यास आपली हरकत नाही? बरोबर आहे. आपण स्वतःच्या देखरेखीखाली तो बंदोबस्त करून परीक्षा द्याल? बरोबर आहे. कारकून लिहून घेत होता. मामलेदार नंतर म्हणाले म्हणे, इतका समंजस माणूस या खुर्चीत बसल्यापासून पाहिला नाही.

आपण काय काय कबूल करून आलो हे नानांना कचेरीबाहेर धनसिंगनं ओरडून सांगितलं तेव्हा त्यांनी ते त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. इंजिनाला हात लावायचा तो परीक्षेच्या तयारीपुरता. उतारू न्यायचा नाही. आणि परीक्षाही अशी की ऐकून हसावं का रडावं. नियमात लिहिलं होतं, की यंत्राची नाव घाटासमोरून जात असता काठावरील दोन इसमांचे साधे बोलणे एकमेकांस स्पष्ट ऐकू आले पाहिजे. अख्ख्या पूर्व खानदेशात यंत्राची नाव ती एक, म्हणजे सरकारनं हा नियम एकट्या नानांसाठी केला होता. या गोष्टीचा नानांना आतून थोडा अभिमानही वाटला. तो त्यांनी घरी दाखवला नाही, कारण घरी वच्छलाबाई होत्या.

त्या म्हणाल्या, करायला गेले गणपती अन् झाला मारुती. साधी नाव होती ती घालवलीत. आता कमलला काय उडवत आणणार? गाडीनं आणायचं तर गाडी पार होईल असा नदीचा उतार तीन कोसांवर, आणि तिथला रस्ता असा दगडधोंड्यांचा की सुईणीनं गाडीचं नावच काढू नका म्हणून बजावलेलं. सातवा महिना अर्धा सरला होता. शिवाय दोन्ही गावांची ये-जा बंद. पलीकडचे लोक बाजाराला मुकले, अलीकडच्यांची शेतं पलीकडं. नाना पारावरून गेले की बोलणी थांबायची. नानांना ती ऐकू येत नव्हतीच, पण थांबलेली दिसायची, आणि ते जास्त लागायचं.

मग नाना हट्टाला पेटले आणि गाव सल्ल्याला. आपल्याकडं सल्ला देण्यासाठी माहिती असावी लागत नाही, ओटा असावा लागतो. शेजारचा मगन शिंपी ओट्यावरूनच म्हणाला, नाना, अहो आवाज नको असला की आपण कानात काय घालतो? कापूस. मग तोच कापूस इंजिनाच्या धुराच्या नळीत घाला. नाना जीनचे माणूस. कापसाचं नाव निघताच त्यांचा चेहरा उजळला. एवढी सोपी गोष्ट आपल्याला सुचू नये. त्यांनी साधासुधा कापूस घेतला नाही. चांगल्या लांब धाग्याची रुई हातानं पिंजून, एकही सरकी राहू न देता, नळीत ठासून भरली. अय्युब मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, हो जाएगा.

झालं खरंच. नाव निम्म्या डोहापर्यंत मांजराच्या पावलांनी गेली. मग नळी तापली. वाळकीच्या घाटापाशी पोचता पोचता इंजिनानं एकदम घसा मोकळा केला आणि पेटलेल्या रुईचा एक बोळा बाहेर पडून, वाऱ्यावर गिरक्या घेत, झुंबरबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर उतरला. लुगडंही साधं नव्हे. लग्नात नानांकडून विहिणीला मान म्हणून दिलेलं. काठाच्या बरोबर वर, डोळा मारल्यासारखं, जळकं भोक.

झुंबरबाईंनी ते लुगडं दोन्ही हातांत धरून अलीकडच्या गावाला दाखवलं. म्हणाल्या, दिलेला मान असा परत घेतात होय? माझी सून त्या भट्टीत पाय ठेवणार नाही. बाळंतपण इथंच होईल. आणि आजपासून तुमचं-आमचं बोलणं बंद. असं म्हणून त्या भांडी उचलून गेल्या आणि वच्छलाबाईही तोंड फिरवून गेल्या. त्या संध्याकाळी घाट इतका शांत झाला की लोकांना पाण्याचा आवाज ऐकू आला आणि चुकल्या-चुकल्यासारखं झालं. पोरं लवकर झोपेनात. वाळकीत कोणाकडं काय शिजलं हे कोळघाटात कोणालाच कळेना.

नाना दोन दिवस ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, नाना, नळीचं तोंडच पाण्यात बुडवू. आवाज पाण्यात गेला की संपला. तसं केलं. आवाज खरंच पाण्यात गेला, पण इंजिन थांबवताच पाणी नळीतून आवाजाच्या वाटेनं वर आलं. इंजिन पोटभर तापी पिऊन गप्प झालं. ते उघडायला, पुसायला, उन्हात वाळवायला किती दिवस गेले विचारू नका. त्यात एक मासळीसुद्धा निघाली, धनसिंगनं ती घरी नेली. मग कुंभाराकडून रांजण आणून त्यात नळी सोडली. रांजण फुटला तो आवाज आमराईपर्यंत गेला म्हणतात, पण साहेबांचा मुक्काम तोवर हलला होता.

शेवटी मिस्त्रीनं रॉकेलचे रिकामे डबे एकात एक घालून, मधे भोकांचे पत्रे ठोकून एक पेटी केली आणि ती नळीला तारेनं बांधली. आणि काय सांगावं, इंजिन खरोखर हळू बोलू लागलं. सगळ्यांनी सांगितलं, नाना, जमलं. नानांना पहिल्यापासून एकच आवाज येत होता, म्हणजे कुजबुज. पण लोकांच्या चेहऱ्यावरून त्यांना पटलं. त्यांनी कचेरीत निरोप धाडला. मामलेदारांनी परीक्षेची तारीख दिली ती सातव्या महिन्याच्या अगदी शेवटाची. त्यानंतर आठवा लागत होता.

परीक्षेच्या दिवशी बाभळीखाली खुर्ची मांडली. मामलेदार बसले, मागं छत्री धरून पट्टेवाला, बाजूला बाक आलेला कारकून. दोन्ही काठांवर ही गर्दी. पलीकडं घाटाच्या पायरीवर झुंबरबाई हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं पदर ओढलेली कमल. अलीकडं वच्छलाबाई. दोघी एकमेकींकडं न बघता एकमेकींकडंच बघत होत्या.

दोन इसम म्हणून मामलेदारांनी पोलीस पाटील आणि मगन शिंपी यांना उभं केलं. नावेत नाना, मिस्त्री आणि सुकाणूवर धनसिंग. नाव निघाली. पेटीनं इमान राखलं; आवाज असा की चक्की दूर कुठंतरी चालू आहे. मामलेदार म्हणाले, हं, बोला. आता सरकारी हुकमानं साधं बोलायचं म्हणजे मोठं अवघड काम. पाटलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, राम राम. मगन म्हणाला, राम राम. पाटील म्हणाले, कसं काय? मगन म्हणाला, बरं आहे. मग दोघं मामलेदारांकडं बघत उभे राहिले. एरवी हा मगन सुईत दोरा ओवताना अख्खा जिल्हा बोलून काढायचा. मामलेदार म्हणाले, एवढ्यानं ठरवता येणार नाही, नाव पुन्हा जाऊ द्या आणि तुम्ही बोलत राहा.

नाव वळली, डोहाच्या मध्यावर आली, आणि तिथं तार तुटली. ती पेटी नळीवरून निसटून पाण्यात पडली, बुडबुड करत खाली गेली, आणि इंजिनानं इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बोलून टाकलं. बगळे उठले. कारकुनाच्या हातचे कागद उडाले. पाटील आणि मगन यांची तोंडं हलत होती, शब्द एक नाही. नावेत मिस्त्री आणि धनसिंग एकमेकांना खुणा करत होते. नानांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पेटी त्यांच्या पाठीमागं गेली आणि कुजबुज त्यांच्या कानात होती तशीच होती. त्यांनी मामलेदारांकडं पाहून मोठ्या अभिमानानं टोपी हलवली.

वच्छलाबाईंनी ते पाहिलं. इतके दिवस त्या नवऱ्याला लागेल ते बोलल्या होत्या, पण तो भोळा चेहरा, ती वर धरलेली टोपी, आणि खुर्चीत मामलेदारांनी टोपण काढलेलं पेन. माणूस हरलाय आणि त्याला कळलेलंही नाही. त्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. मानापमान गेला खड्ड्यात, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि पलीकडं बघून बोलल्या.

"विहीणबाई, लुगडं मी नवं देईन. माझ्यावर राग धरा, पोरीवर धरू नका. आज सातवा सरतोय. कमलला पाठवताय ना?"

इंजिन त्यांच्या दोघींच्या बरोबर मधे धडधडत होतं. पलीकडून उत्तर आलं, एकेक अक्षर सुटं.

"लुगडाना राग नही माले, वच्छलाबाई. इतला दिन व्हयनात, तुम्ही एक सबद बोलनात नही, त्याना राग शे."

वच्छलाबाई म्हणाल्या, बोलू नका असं तुम्हीच बजावलंत. झुंबरबाई म्हणाल्या, मी सतरा बजावीन, तुम्ही लगेच ऐकायचं होय? मला संध्याकाळी घास उतरत नाही. मग वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. पदरामुळं आवाज थोडा उतरला, तरी तो नदीपार पोचला. त्यानंतर दोघींनी राहिलेले सगळे दिवस भरून काढायला घेतले. कमलला आंबट सोसत नाही, तिला रात्री पायाला तेल लागतं, डोहाळजेवणाला शेजारच्या जुबेदाबीनं शेवया धाडल्या होत्या त्या तिला फार आवडल्या, आणि वाळकीच्या पाटलाची म्हैस व्याली. इंजिन आपलं ओरडत होतं. त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

मामलेदारांचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं. त्यांनी पाटलांना जवळ बोलावून कानात विचारलं, हे भांडण चाललं आहे का?

पाटील म्हणाले, "नाही साहेब. समेट चाललाय."

मामलेदारांनी विचारलं, मग या बायका ओरडतात का? यावर मगन शिंप्याला एकदाची वाचा फुटली.

"साहेब, ह्या वरडी नही ऱ्हायन्यात. हाई यासनं साधं बोलनं शे. बठ्ठा गावले इचारा."

बठ्ठ्या गावानं, म्हणजे सगळ्याच गावानं, माना हलवल्या. मामलेदार न्यायी माणूस. नुसत्या मानांवर विश्वास ठेवीना. नाव काठाला लागून इंजिन थांबल्यावर त्यांनी वच्छलाबाईंना पुढं बोलावलं आणि अदबीनं विचारलं, बाई, आपण नेहमी अशाच बोलता का? परका पुरुष, त्यातून सरकारी अंमलदार. वच्छलाबाईंनी पदर सावरला, नजर खाली केली, होता होईल तो आवाज हळू केला आणि म्हणाल्या, हो साहेब, आम्ही गरिबाघरची माणसं, असंच बोलतो. पट्टेवाल्याच्या हातची छत्री पडली. मामलेदार खुर्चीसकट थोडे मागं सरकले.

कारकुनानं शंका काढली, की नियमात काठावरील इसम आहे आणि इथं एक इसम या काठावर तर एक त्या काठावर. मामलेदारांनी कागद पुन्हा वाचला. म्हणाले, काठावरील म्हटलं आहे, कोणत्या काठावरील हे म्हटलेलं नाही. साधे बोलणे आम्ही समक्ष ऐकले, स्पष्ट ऐकले, आणि म्हशीपर्यंत ऐकले. त्यांनी खाली सही केली. नानांनी नावेतून उतरून हात जोडले. मामलेदार हसून हळूच म्हणाले, गिरधरराव, आपल्या मंडळींमुळं सुटलात.

"बरोबर आहे," नाना म्हणाले.

उन्हं उतरायच्या आत नाव कमलला आणायला पलीकडं गेली. झुंबरबाईंनी नावेत आधी गोधड्या टाकल्या, गोधड्यांवर उशी, आणि मग सुनेची दृष्ट काढून तिला हाताला धरून बसवलं. तिच्या ओटीत नारळ घातला. कमलनं वाकून हळूच काहीतरी म्हटलं आणि सासूनं डोळे पुसले. जळकं लुगडं त्यांनी त्या दिवशी मुद्दाम नेसलं होतं, भोकाला ठिगळ लावून.

नाव निघाली. डोहाच्या मध्यावर आल्यावर कमलनं मागं वळून पाहिलं. सासरचा घाट लांब राहिला होता. तिनं कपाळावरचा पदर मागं सारला, मोकळा श्वास घेतला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आपल्या घरच्या आवाजात बापाशी बोलली. इंजिन वीतभर अंतरावर धडधडत होतं. नानांच्या कानात अक्षरन् अक्षर पडलं.

"नाना, दर खेपेला पाणी देताना मी तुम्हाला एकच सांगत होते. घरची फार आठवण येते, चार दिवस घेऊन चला. आणि दर खेपेला तुम्ही 'बरोबर आहे' म्हणून टोपी घालून निघून जात होता."

नानांचा इंजिनावरचा हात तसाच राहिला. पाण्याचे ते सगळे तांबे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, ती खाली घातलेली मान, तो गोड न लागणारा घास. लोक शब्द खातात म्हणून आयुष्यभर जगाला नावं ठेवली त्यांनी. त्यांना रडू आलं. धूर डोळ्यांत गेला असं ते नंतर मिस्त्रीला म्हणाले, पण धूर तर वाऱ्यानं उलट्या दिशेला जात होता. कमलनं पुढं वाकून बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसली. ते हसणं दोन्ही गावांनी ऐकलं. कोळघाटाच्या गोठ्यातून एक गाय हंबरली.

घाटावर वच्छलाबाई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. कमल बोलली ते त्यांनी ऐकलं होतंच, सगळ्या काठानंच ऐकलं होतं. तरी नाव टेकायच्या आत त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, काय म्हणाली हो कमल?

नानांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"उशीर केलात म्हणाली," ते म्हणाले. "बरोबर आहे."